गोटी खाली उतरली नाही, तर इंजेक्शन की ऑपरेशन?

"डॉक्टरांनी दहा इंजेक्शनं सांगितली आहेत. आठवड्याला दोन. ती घेतली की मुलाची गोटी खाली येते म्हणाले. घेऊ का?" या पानासाठी वस्तीतल्या आयांशी बोलताना हा प्रश्न आमच्यापुढे पुन्हा पुन्हा येतो. बहुतेक वेळा तो सगळ्यांसमोर विचारला जात नाही. वंदना संपली, चटया गोळा झाल्या, बाकीच्या बाया निघाल्या की मग आई हळूच जवळ येते आणि पर्समधली घडी घातलेली चिठ्ठी काढते. मूल कधी सहा महिन्यांचे असते, कधी तीन वर्षांचे, तर कधी शाळेत जाणारे.

उत्तर आधीच सांगून टाकतो. या इंजेक्शनांनी पाचांपैकी चार मुलांची गोटी खाली येत नाही. खरा उपाय छोट्या ऑपरेशनचा आहे आणि ते बाळ सहा महिन्यांचे झाल्यानंतर, दीड वर्षाचे होण्याच्या आत झालेले बरे. इंजेक्शनांवर पैसा जातो हे दुःख आहेच, पण त्याहून मोठे नुकसान वेळ जाण्याचे आहे. ते कसे, हे जरा नीट समजून घेऊ.

आपण बोलताना अंडकोष हा शब्द दोन्हीसाठी वापरतो, पिशवीलाही आणि आतल्या गोटीलाही. त्यामुळे दवाखान्यात घोळ होतो. या लेखात पिशवी म्हणजे बाहेरची कातडीची थैली आणि गोटी म्हणजे तिच्या आतले वृषण, एवढे लक्षात ठेवा.

मुलगा आईच्या पोटात असताना त्याच्या गोट्या आधी त्याच्या पोटात, मूत्रपिंडाच्या जवळपास तयार होतात. तिथून त्या हळूहळू खाली सरकतात आणि साधारण सातव्या महिन्यापासून पुढे जांघेतल्या एका अरुंद वाटेने पिशवीत येऊन बसतात. काही मुलांची एखादी गोटी, कधी दोन्ही, वाटेतच थांबतात. पूर्ण दिवसांच्या शंभर मुलग्यांत तीनेक बाळांचे असे होते. जे बाळ दिवस भरण्याआधी जन्मले, त्याचा तर प्रवासच अर्धवट राहिलेला असतो, म्हणून अशा बाळांत हे प्रमाण शंभरात तीसपर्यंत जाते. आपल्या वस्त्यांत कमी दिवसांची आणि कमी वजनाची बाळे पुष्कळ जन्मतात, त्यामुळे हा विषय आपल्यापासून दूरचा नाही.

यात आईची चूक काहीही नसते. ग्रहण पाळले नाही, गरोदरपणात जड उचलले, सातव्या महिन्यात प्रवास केला, असे बोल सुनेला लावले जातात. त्यांत तथ्य नाही.

जन्मतः वर असलेली गोटी पहिल्या तीन महिन्यांत बऱ्याचदा आपोआप खाली येते. त्या काळात बाळाच्याच शरीरात हार्मोनची, म्हणजे संप्रेरकांची, एक लाट येते आणि ती हे काम करते. म्हणून तेव्हा डॉक्टर "थांबा" म्हणतात आणि ते योग्य असते. वर्षाच्या शेवटी शंभरात एकाच मुलाची गोटी वर उरलेली असते. मात्र सहा महिने झाल्यावर ती आपोआप येण्याची आशा जवळपास संपते. बाळ दोन महिने आधी जन्मले असेल तर हे सहा महिने त्याच्या ठरलेल्या तारखेपासून मोजायचे. "मोठा झाला की येईल", "वयात आला की येईल", "याच्या काकाचीही उशिराच आली होती" हे बोलणे त्यानंतर ऐकू नये.

आता वेळ जाण्याचे नुकसान. गोट्या पोटात सुरक्षित राहिल्या असत्या, मग निसर्गाने त्या बाहेर पिशवीत का ठेवल्या? कारण त्यांना थंडावा लागतो. पिशवीतले तापमान शरीरापेक्षा दोन-तीन अंशांनी कमी असते. वर अडकलेल्या गोटीला ती उष्णता सोसवत नाही. तिच्यातल्या ज्या पेशींपासून पुढे बीज तयार होणार असते, त्या पहिल्या वर्ष-दीड वर्षातच कमी होऊ लागतात. बाहेरून काही दिसत नाही. मूल खेळते, जेवते, रडत नाही, दुखत नाही. म्हणूनच घरचे निर्धास्त राहतात.

कर्करोगाचेही सांगितले पाहिजे, पण घाबरवण्यासाठी नाही. गोटीचा कर्करोग आपल्या देशात फार कमी आढळतो. ज्यांची गोटी वर राहिली होती त्यांना तो होण्याचा संभव इतरांपेक्षा जास्त असतो. स्वीडनमध्ये हे ऑपरेशन झालेल्या जवळपास सतरा हजार पुरुषांचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. तेराव्या वर्षाआधी ऑपरेशन झालेल्यांत हा धोका इतरांच्या दुपटीहून थोडा जास्त, आणि तेराव्या वर्षानंतर झालेल्यांत पाचपटीहून जास्त निघाला. शिवाय खाली उतरलेल्या गोटीत काही गाठ आली तर हाताला लागते, पोटात असलेल्या गोटीत आली तर कळतही नाही.

इंजेक्शन कसले असते?

मेडिकलमधून आणलेल्या पट्टीवर लघवीचे थेंब टाकून गरोदरपण तपासतात, हे बायांना ठाऊक आहे. ती पट्टी ज्या संप्रेरकाला ओळखते, तेच या इंजेक्शनात असते. त्याचे इंग्रजी नाव थोडक्यात एचसीजी. गरोदर बाईच्या शरीरात ते वारेतून तयार होते, आणि इंजेक्शनासाठी ते कित्येक वर्षे गरोदर बायांच्या लघवीतूनच काढले जात असे. मुलाला दिल्यावर ते त्याच्या गोटीला चेतवते, गोटीतून पुरुषी हार्मोन जास्त सुटते, आणि त्याच्या जोरावर गोटी खाली सरकेल, अशी कल्पना. १९३०च्या दशकापासून जगभर हा प्रयोग चालत आला आहे. नेहमीचा कोर्स आठवड्याला दोन, असे पाच आठवडे. चिठ्ठीवरची दहा इंजेक्शने ती हीच. याच हेतूने दुसरे एक हार्मोन नाकात फवाऱ्याने देतात. युरोपात ते बरेच वापरले गेले.

कल्पना चुकीची नव्हती. पण अनुभवाने तिला साथ दिली नाही. अनेक चाचण्या एकत्र करून १९९५ साली मांडलेला हिशेब असा: हार्मोन दिलेल्या शंभर मुलांत वीसेक जणांच्या गोट्या खाली आल्या. ज्यांना औषध म्हणून नुसतेच काहीतरी दिले होते, त्यांच्यातही चारेक जणांच्या आल्या. खाली आलेल्यांपैकी काहींच्या पुढे परत वर गेल्या. गोटी जितकी वर, तितका गुण कमी. पोटात असलेल्या गोटीला तर जवळपास शून्य. आणि आपल्याला घाई असते ती लहान बाळाच्या बाबतीत, तर लहान वयातच याचा गुण आणखी कमी येतो.

मग "आमच्या शेजारणीच्या पोराला इंजेक्शनानेच गुण आला" हे कुठून येते? बऱ्याचदा त्या पोराची गोटी अडकलेली नव्हतीच. काही मुलांची गोटी थंडीने, भीतीने, परक्या हाताच्या स्पर्शाने वर पळते आणि निवांत असताना परत खाली येते. दवाखान्यात नागडा उभा केलेला तीन-चार वर्षांचा पोरगा घाबरलेला असतो, तेव्हा गोटी हाताला लागत नाही. अशा पळत्या गोटीला इंजेक्शन द्या, नका देऊ, ती खाली येणारच. श्रेय मात्र इंजेक्शनाला मिळते.

दुष्परिणामही आहेत. टोचल्या जागी दुखते. कोर्स चालू असताना लहान मुलाचे लिंग वाढू लागते, वारंवार ताठ होते, कुणाला तिथे केस दिसू लागतात, पोर चिडचिडे होते. आई घाबरून जाते, आणि ते कोणाला सांगताही येत नाही. औषध थांबल्यावर यातले बरेचसे ओसरते. पण फिनलंडमधल्या डॉक्टरांनी १९९७ साली दाखवून दिले की हार्मोन घेतलेल्या मुलांच्या गोटीतल्या बीजपेशी जास्त प्रमाणात मरत होत्या. ज्या पेशी वाचवण्यासाठी सगळी धडपड, त्यांनाच मार बसत असेल तर त्या उपचाराचा उपयोग काय?

म्हणून उत्तर युरोपातल्या देशांच्या तज्ज्ञांनी २००७ मध्ये, आणि अमेरिकेतल्या मूत्ररोग शल्यचिकित्सकांच्या संघटनेने २०१४ मध्ये स्पष्ट लिहिले की गोटी खाली आणण्यासाठी हार्मोन देऊ नये, ऑपरेशन करावे. आपल्याकडच्या मोठ्या रुग्णालयांतले मुलांचे सर्जनही ऑपरेशनच सांगतात.

तरीही चिठ्ठ्या लिहिल्या जातात. सगळीच लबाडी असते असे आम्ही म्हणणार नाही. काही डॉक्टर जुन्या शिकवणीवर चालतात. कित्येकदा घरचेच सुरी नको म्हणून हटून बसतात आणि डॉक्टर मधला मार्ग काढतात. पण एकदा कोर्स, दोन महिन्यांनी पुन्हा कोर्स, मग सोनोग्राफी, मग तिसरा कोर्स, असे करत पोर पाच वर्षांचे झालेले आम्ही पाहिले आहे. त्या घरात आई धुणीभांडी करते आणि वडील नाक्यावर रोजंदारीवर उभे राहतात. एका इंजेक्शनाच्या पैशात त्यांचा आठवड्याचा किराणा येतो.

हार्मोनचे इंजेक्शन कधीच लागत नाही असे मात्र समजू नका. दोन्ही गोट्या हाताला लागत नसतील, तर त्या शरीरात आहेत की नाहीत हे पाहण्यासाठी हार्मोन देऊन रक्त तपासतात. मेंदूतल्या ग्रंथीच्या आजारामुळे ज्या मुलाच्या शरीरात हार्मोन कमी बनते, त्यालाही ते द्यावे लागते. दोन्ही बाजूंचा दोष असेल तर पुढे मूल होण्याची शक्यता वाढावी म्हणून काही तज्ज्ञ ऑपरेशनच्या जोडीला हार्मोन देतात. हे सगळे हार्मोनच्या किंवा मुलांच्या तज्ज्ञाने ठरवायचे असते. म्हणून चिठ्ठी हातात पडली की एवढेच विचारा: "हे तपासणीसाठी आहे की गोटी खाली आणण्यासाठी? मुलांच्या सर्जनला दाखवू का?" असा प्रश्न विचारणे हा डॉक्टरांचा अपमान होत नाही.

घरी कसे पाहायचे?

बाळाला न्हाऊ घालणारी आजी किंवा मालीश करणारी बाई ही आपली पहिली तपासनीस. तिचा हात रोज बाळाच्या अंगावरून फिरतो. पिशवी दोन्ही बाजूंना सारखी भरलेली आहे का, की एक बाजू सपाट आणि रिकामी आहे, हे तिला पहिल्या आठवड्यातच कळते. पण ती बोलत नाही, कारण विषय अवघड वाटतो. तिला तुम्हीच विचारा. आशाताई बाळंतपणानंतरच्या बेचाळीस दिवसांत घरी येऊन बाळ पाहतात, त्यांनाही दाखवा.

पाहण्याची वेळ म्हणजे कोमट पाण्याने आंघोळ झाल्यावर, बाळ शांत असताना, आपला हात गरम करून. थोड्या मोठ्या मुलाला मांडी घालून बसवा. तेव्हा दोन्ही गोट्या पिशवीत दिसत असतील आणि एरवी एखादी वर पळत असेल, तर ती पळती गोटी. तिला औषध नाही, ऑपरेशनही नाही. मात्र वयात येईपर्यंत वर्षातून एकदा डॉक्टरांकडून तपासून घ्या, कारण काही मुलांची पळती गोटी पुढे कायमची वर राहते. जन्मतः खाली असलेली गोटी पाच-सात वर्षांच्या वयात वर गेल्याचेही दिसते. अशा मुलालाही ऑपरेशनच लागते.

तेल चोळून, ओढून, लेप लावून, करदोड्यात काही बांधून गोटी खाली येत नाही. ओढू तर अजिबात नका.

दोन गोष्टींत थांबायचे नाही. नव्या जन्मलेल्या बाळाच्या दोन्ही गोट्या हाताला लागत नसतील, त्यातही लघवीचे छिद्र जागेवर नसेल, तर सुट्टी मिळण्याआधीच मोठ्या डॉक्टरांना दाखवायचे. मूत्रपिंडावरच्या ग्रंथीचा एक आजार असा दिसतो आणि तो पहिल्या दोन-तीन आठवड्यांत बाळाचा जीव घेऊ शकतो. दुसरे, गोटी वर असलेल्या मुलाच्या जांघेत एकदम दुखू लागले, फुगवटा आला, उलट्या झाल्या, तर त्याच रात्री रुग्णालय गाठा. गोटीला पीळ पडलेला असतो किंवा आतडे अडकलेले असते. पीळ पडलेली गोटी वाचवायला हातात सहाएक तास असतात.

सोनोग्राफीबद्दल एक गोष्ट. बहुतेक मुलांना ती लागत नाही. जाणकार सर्जनचा हात सोनोग्राफीपेक्षा जास्त सांगतो. "आधी सोनोग्राफी करून या" म्हटले तर आधी सर्जनला दाखवा, ते सांगतील तर करा.

ऑपरेशन म्हणजे काय?

डॉक्टरी भाषेत ऑर्किडोपेक्सी. भूल देऊन जांघेत लहानशी चीर घेतात, अडकलेली गोटी मोकळी करतात, आणि पिशवीत आणून टाक्याने बसवतात. सोबत हर्निया असेल, आणि तो बहुधा असतोच, तर तोही त्याच वेळी शिवतात. सर्वसाधारणपणे तासाभराचे काम. बरीच मुले त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी येतात. गोटी पोटात असेल तर दुर्बिणीने शोधावी लागते आणि कधी दोन टप्प्यांत ऑपरेशन होते. क्वचित कुणाची गोटी सुकून गेलेली आढळते. तसे झाले तरी एक चांगली गोटी पुरेशी आहे. दाढी-मिशा, आवाज, लग्न, मूल, सगळे होते. एका बाजूचा दोष असलेली बहुतेक मुले पुढे बाप होतात. दोन्ही बाजूंच्या दोषात मात्र शक्यता कमी होते, म्हणून तिथे उशीर करूच नये.

आयांना सर्वांत जास्त भीती भुलेची वाटते. लहान बाळांना भूल देण्याची सवय असलेले डॉक्टर जिथे आहेत, तिथेच ऑपरेशन करून घ्या. ते सांगतील तितके तास बाळाला उपाशी ठेवा. बाळ रडते म्हणून आजीने गुपचूप पाजले, असे होऊ देऊ नका. पोटात दूध असताना भूल दिली तर ते वर येऊन फुप्फुसात जाऊ शकते. पाजले गेलेच तर लपवू नका, सांगा. ऑपरेशन दुसऱ्या दिवशी होईल, एवढेच.

खर्चाचे काय? खासगीत आकडा ऐकूनच लोक परत फिरतात आणि इंजेक्शनाकडे वळतात. पण हे ऑपरेशन सरकारी आणि महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयांत रोजच्या कामातले आहे. मुंबईत केईएम, सायन, नायर आणि परळचे वाडिया, पुण्यात ससून, नागपुरात मेडिकल. जिल्ह्याच्या ठिकाणी सिव्हिलमध्ये चौकशी करा. राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. इतरत्र महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेचा आरोग्यमित्र कुठे बसतो ते विचारा आणि हे ऑपरेशन त्या रुग्णालयात योजनेत बसते का, ते दाखल होण्याआधीच पक्के करा. सोबत रेशनकार्ड, आईवडिलांचे आधार आणि बाळाचा जन्मदाखला ठेवा. यातल्या एका कागदासाठी दिवस मोडतो, आणि दिवस मोडला की खाडा पडतो.

अंगणवाडीत आणि शाळेत मुलांची तपासणी करायला डॉक्टरांचे पथक येते. ते राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे. २०१३ च्या फेब्रुवारीत हा कार्यक्रम आपल्याच पालघरातून सुरू झाला. अंगणवाडीत वर्षातून दोनदा, शाळेत एकदा ते येतात आणि पुढच्या उपचारासाठी पाठवतात. पण गर्दीत चड्डी काढून तपासणे होत नाही, मुलेही लाजतात. म्हणून अंगणवाडीताईंना आधी सांगून ठेवा, म्हणजे पथकातले डॉक्टर बाजूला घेऊन पाहतील.

मूल मोठे झाले असेल, दहा वर्षांचे, चौदा वर्षांचे, तरी "आता काय उपयोग" म्हणून सोडू नका. ऑपरेशन तेव्हाही करायचे असते. या वयातला मुलगा स्वतःहून बोलत नाही. नळावर आंघोळीला जायला टाळाटाळ करतो, मित्रांसोबत पोहायला जात नाही. त्याला चिडवणाऱ्या भावंडांना दटावा. त्याच्याशी बोलायचे काम वडिलांचे किंवा मामाचे, आणि ते टाळू नये. आई एकटी असेल तर आईने बोलावे, काही बिघडत नाही.

ऑपरेशननंतर दोन-तीन आठवडे सायकल, कुस्ती, उड्या बंद. लहान बाळाला कडेवर घेताना पाय फाकवून कमरेवर बसवू नका, आडवे घ्या. डॉक्टर बोलावतील तेव्हा तपासणीला न्या, गोटी जागेवर आहे आणि वाढते आहे हे पाहावे लागते. मुलगा पंधरा-सोळाचा झाला की लहानपणी आपले हे ऑपरेशन झाले होते, हे त्याला सांगा, आणि महिन्यातून एकदा आंघोळीच्या वेळी स्वतः हात लावून गाठ, कडकपणा वाटतो का ते पाहायला शिकवा. रुग्णालयाचे डिस्चार्ज कार्ड रेशनकार्डाच्या पिशवीतच ठेवा. पावसात घरात पाणी शिरले तर आपण ती पिशवी आधी उचलतो.